हंपी की विजापूर?



आजचं वाचन : गीता, अध्याय 18, श्लोक 20 ते 22.

काल आपण 19 व्या श्लोकापाशी थांबलो होतो. ज्ञान, कर्म आणि कर्ता हे तिन्ही गुणांप्रमाणे तीन-तीन प्रकारचे होतात, एवढं भगवंतांनी तिथे सांगून ठेवलंय. आज त्यातल्या ज्ञानाची पाळी. माझ्या शब्दांत सांगते. वेगवेगळ्या दिसणाऱ्या सगळ्यांत जे एकच न संपणारं तत्त्व पाहतं, वाटून गेलेल्यातही न वाटलेलं पाहतं, ते ज्ञान सात्त्विक. हे वेगळं, ते वेगळं, हा आपला, तो परका, अशा सुट्या-सुट्या नजरेने पाहतं ते राजस. आणि एकाच तुकड्याला सगळं समजून, कारण विचारलं तर सांगता येत नाही तरीही, त्यालाच धरून बसतं ते तामस. तामसासाठी तिथे 'अहैतुक' असा शब्द आलाय. कारणाशिवायचं. या शब्दावर आज थोडं थांबायचंय.

आमच्या वाचनमंडळाची सहल ठरतेय. आम्ही अकरा जण, सगळे सोलापूरचे, बहुतेक निवृत्त. दर मंगळवारी एकत्र ज्ञानेश्वरी वाचतो. डिसेंबरात दोन दिवस कुठे जायचं यावर बरीच नावं आली आणि गळली, शेवटी दोन उरली. हंपी आणि विजापूर. तीन मंगळवार झाले, पण एकमत होईना. आता म्हणाल, सहल कुठे काढायची हा काय चिंतनाचा विषय झाला? मलाही पहिल्या मंगळवारी तसंच वाटत होतं. तिसऱ्या मंगळवारी मात्र जे बोलणं झालं त्यात शहरं बाजूलाच राहिली होती आणि माणसं एकमेकांना वेगळंच काही सांगत होती.

आधी सोपा प्रश्न उरकून टाकते. दोन्ही का नाही करायची? नकाशावर विजापूर हंपीच्या वाटेवरच आहे. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर, हंपी तीनशेच्या वर, रस्ता तोच. पण आमच्यात 78 वर्षांच्या काकू आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि सलग दोन-तीन तासांच्या वर गाडीत बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. शिवाय दोन दिवसांत दोन शहरं म्हणजे दोन्हीकडच्या पार्किंगमध्ये चहा पिऊन परत येणं. तेव्हा एकच.

शास्त्रात निवडीचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण बहुतेक वेळा एक बाजू धर्माची असते आणि दुसरी अधर्माची. तिथे निर्णय अवघड असतो तो आचरणात, कळायला तो सोपाच असतो. दोन्ही बाजू चांगल्या असल्या तर काय करायचं? मला उद्योगपर्वातला प्रसंग आठवतो. श्रीकृष्णाकडे अर्जुन आणि दुर्योधन दोघेही मदत मागायला जातात. एका बाजूला नारायणी सेना, दुसऱ्या बाजूला शस्त्र न धरणारा कृष्ण. अर्जुन कृष्णाला मागतो, दुर्योधन सेना घेऊन खूश होऊन परततो. दोघांनाही हवं ते मिळालं! कृष्णाने कुणावर काही लादलं नाही. निवडीतून दोघे काय आहेत तेवढं दिसलं. सहलीच्या यादीतूनही ते दिसू शकतं, याचा अनुभव आम्हाला आला.

हंपीच्या बाजूने बोलणारे दोघे जण होते, नाना आणि काकू. दोघांनी हात एकाच नावाला वर केला, म्हणून त्यांचं मत एक असं मी वहीत लिहून टाकलं. नंतर दोघांची कारणं ऐकली.

काकूंचं कारण विठ्ठल. तुम्हाला ठाऊक असेलच, परंपरा सांगते की कृष्णदेवराय पंढरपूरची मूर्ती विजयनगरला घेऊन गेला, आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे एकनाथमहाराजांच्या पणजोबांनी, ती परत आणली. हंपीचं विठ्ठलमंदिर म्हणजे तो दगडी रथ असलेलं, पन्नासच्या नव्या नोटेवर छापलेलं. एवढं देखणं देऊळ, पण गाभारा रिकामा. मूर्ती नाही, पूजा नाही. आमच्या एक वहिनी म्हणाल्या, "काकू, विठोबा तर पंढरपुरात आहे, दीड तासावर. तिथे नसलेला विठोबा बघायला एवढं लांब कशाला?" काकूंनी दिलेलं उत्तर मी तसंच लिहिते. "पोरगी सासरी नांदायला गेल्यावर आई तिची खोली बघत नाही का? इथे तर उलटं झालं. तो माहेरी परत आला. तो जिथे राहून आला ते घर बघायचंय मला. त्यांनी त्याला किती जपलं होतं ते बघायचंय."

नेण्याची गोष्ट आपण मराठी माणसं नेहमी हरवल्याच्या सुरात सांगतो. राजाने नेला, आपल्या संताने सोडवून आणला. ज्याने नेला त्याने तो कशासाठी नेला, त्यालाही तो हवाच होता, एवढी साधी गोष्ट माझ्या कधी मनात आली नव्हती. कर्नाटकातल्या हरिदासांचा देवही तोच विठ्ठल. पुरंदरदासांनी आपल्या प्रत्येक पदाखाली पुरंदरविठ्ठल अशी मुद्रा घातली. त्यांचं शेवटचं आयुष्य हंपीतच गेलं, तुंगभद्रेच्या काठी त्यांच्या नावाचा मंडप आजही दाखवतात. 1564 साली ते गेले. पुढच्याच वर्षी ते शहर पडलं.

नानांचं कारण हे शहर पडणं.

23 जानेवारी 1565. आपण त्याला तालिकोटची लढाई म्हणतो, काही जण राक्षसतागडीची म्हणतात. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर या चार शाह्या एकत्र आल्या, वृद्ध रामराय रणात सापडला आणि मारला गेला, आणि पुढचे काही महिने विजयनगर लुटलं, जाळलं, फोडलं गेलं. ते शहर पुन्हा कधी उभं राहिलं नाही. नानांचं म्हणणं सरळ होतं. "ज्यांनी ते केलं त्यांची थडगी बघायला मी पैसे भरणार नाही. हंपीला चला. निदान आपलं काय गेलं ते तरी कळेल."

बैठकीत शांतता पसरली. कारण नाना ओरडून बोलले नव्हते. तीस वर्षांपूर्वी ते हंपीला जाऊन आलेत. त्यांचं कुलदैवत नृसिंह. हंपीत एका अखंड दगडातला नृसिंह आहे, 1528 सालचा, कृष्णदेवरायाच्या काळातला, दोन पुरुष उंचीच्याही वर. त्याच्या मांडीवर लक्ष्मी होती. ती आता नाही. फोडली गेली. नृसिंहाच्या पाठीवर मात्र तिचा हात तसाच राहिलाय, त्याला वेढलेला. नाना म्हणाले, "तो हात बघितला आणि मी तिथेच खाली बसलो." ज्या माणसाने तो हात पाहिलाय त्याला, जाऊ द्या हो नाना, चारशे वर्षं झाली, असं सांगणारी मी कोण? हे दुःख खरं आहे. त्याला द्वेष म्हणून मोकळं होणं हा अन्याय ठरेल, आणि आपल्याला शोभेलसा समजूतदारपणाही तो नाही. आजकाल कुणी जुन्या जखमेबद्दल बोललं की लगेच त्याच्या मनाची तपासणी सुरू होते. मला ते आवडत नाही.

तरी एक प्रश्न उरतो, आणि आजचे श्लोक नेमके तिथे बोट ठेवतात. दुःख खरं असलं तरी त्या दुःखाने काढलेला निष्कर्ष खरा असतोच असं नाही. 'लक्ष्मीचा हात तुटला' हे ज्ञान. 'म्हणून ते अख्खं शहर म्हणजे तो हात तोडणं' हे एका तुकड्याला पूर्ण समजणं. या दोन वाक्यांमध्ये एक पायरी आहे, आणि त्या पायरीला हेतू, म्हणजे कारण, लागतं. ते कारण शोधायला गेलं की काय सापडतं बघा.

विजापुरात सगळे जातात ते गोलघुमट बघायला. बाहेरून चव्वेचाळीस मीटर व्यासाचा घुमट, आत खांब एकही नाही, वरच्या सज्जात एका टोकाला कुजबुजलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. त्याखाली आहे मुहम्मद आदिलशहा. तो 1656 मध्ये वारला, गादीवर आला 1627 मध्ये. तालिकोटच्या वेळी त्याचा जन्मही झाला नव्हता. विजापुरातली दुसरी देखणी वास्तू इब्राहिम रोजा. तिथला दुसरा इब्राहिम आदिलशहा 1580 साली गादीवर आला तेव्हा पोरसवदा होता. त्याने दख्खनी बोलीत गाण्यांचं एक पुस्तक रचलं, किताब-ए-नौरस, आणि त्यात सरस्वती आणि गणपती यांना वंदन आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. लक्ष्मीचा हात तोडल्याचा हिशेब या माणसाच्या कबरीवर कसा मांडायचा?

बरं, हिशेब शहरावरच मांडायचा ठरवला तर तो विजापूरपाशी थांबत नाही. विजापूरच्या बुरुजावर मुलूख-मैदान तोफ आहे, जबड्यात हत्ती चिरडणारं तोंड असलेली, पंचावन्न टनांची म्हणतात. ती ओतली गेली 1549 साली अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला. पुढे ती आपल्या परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून विजापूरला गेली. तालिकोटच्या आधी चार शाह्यांची जी युती झाली ती लग्नांनी पक्की झाली होती. निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, आणि सोबत आंदण म्हणून एक किल्ला आणि मुलूख दिला. कुठला? सोलापूरचा! आपण संध्याकाळी ज्या भुईकोटाच्या बागेत फिरायला जातो, तो विजयनगर पाडणाऱ्या युतीचा हुंडा होता. हे मी मंगळवारी वाचून दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आता सोलापूरही सोडायचं की काय?" सगळे हसले. नानाही हसले. हसल्याने त्यांचं मत बदललं नाही, हेही सांगते.

आणि या शाह्यांच्या फौजांत कोण होतं? मराठे सरदार होते. महसुलाच्या दफ्तरात कोण होतं? पहिल्या इब्राहिमच्या वेळी फारसीच्या जागी देशी भाषा आली आणि आपले ब्राह्मण कारकून तिथे बसले. शहाजीराजे पुढे आदिलशाहीच्याच चाकरीत कर्नाटकात गेले. दुसऱ्या बाजूला विजयनगरचं बघा. दुसऱ्या देवरायाने फौजेत मुसलमान धनुर्धर आणि स्वार घेतले. त्याच्या काळात, 1439 मध्ये, अहमदखान नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने हंपीत बांधलेली मशीद आजही उभी आहे. हंपीतल्या गजशाळेवर घुमट आहेत, कमलमहालाच्या कमानी बघून विजापूर आठवतं. विजयनगरचे राजे स्वतःला हिंदुरायसुरत्राण म्हणवत. सुरत्राण म्हणजे सुलतान, दुसरं काही नाही. फिरिश्ता तर असंही लिहितो की रामरायाचा मुलगा वारला तेव्हा तरुण अली आदिलशहा मोजक्या माणसांनिशी स्वतः विजयनगरला सांत्वनाला गेला, आणि रामरायाच्या पत्नीने त्याला मुलगा मानलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो त्या घरावर चालून गेला. ही गोष्ट वाचली की मला लढाईपेक्षा त्या बाईचं वाईट वाटतं.

हे सगळं सांगण्यामागे 'सगळे सारखेच, कुणी चांगलं नाही कुणी वाईट नाही' असं म्हणण्याचा माझा हेतू नाही. इथे थोडं सावध व्हायला हवं, कारण 20 व्या श्लोकाचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा अर्थ तोच काढला जातो. विभागलेल्यात न विभागलेलं पाहायचं, म्हणजे विभागणी नाहीच असं म्हणायचं नाही. श्लोकात 'विभक्त' हा शब्द आहे, तो गाळलेला नाही. भूतं वेगळी आहेत, ती वेगळी दिसणारच. शहर फोडलं गेलं हे खरं, मूर्ती फुटल्या हे खरं, आणि ते करणाऱ्यांनी केलं हेही खरं. सात्त्विक नजर त्यावर गोड पांघरूण घालत नाही. ती एवढंच करते की जे घडलं ते घडल्याजागी ठेवते, ज्यांनी केलं त्यांच्यापाशी ठेवते, शेजारच्या सगळ्यांवर सांडू देत नाही. आणि शेजारचे म्हणजे केवळ तेव्हाचे नाहीत. आमच्या गाडीचा चालक विजापूरचाच, मुसलमान, गेली सहा वर्षं आम्हाला गाणगापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून आणतो. काकूंना हात धरून पायरी चढवतो. "थडगी बघायला" हा शब्द नाना त्याच्यासमोर उच्चारत नाहीत. म्हणजे तो शब्द कुणाला लागेल हे नानांना ठाऊक आहे. मला वाटतं, ज्ञान तिथे आधीच आहे, ते फक्त सहलीच्या यादीपर्यंत पोचलेलं नाही.

आता विजापूरवाल्यांकडे वळते. त्यांना मी मोकळं सोडणार नाही, कारण मी स्वतः त्यांच्यात आहे.

बहुतेकांचं कारण सोय हे होतं. जवळ आहे, सकाळी निघून दहाला पोचू, जेवायला खानावळ आहे, ज्वारीची भाकरी मिळते. सोयीत वाईट काही नाही. पण सोय ही निवड असते असं मला वाटत नाही, सोय म्हणजे निवड टाळणं. जवळ होतं म्हणून गेलो, असं सांगणाऱ्याने शहर निवडलंच नाही, अंतर निवडलं. आणि एक जण, नाव घेत नाही, त्यांचं कारण वेगळंच होतं. "आपण ज्ञानेश्वरी वाचणारे लोक, आपण मुद्दाम विजापूरला गेलं पाहिजे. लोकांना कळेल की आपलं मन किती मोठं आहे." हे ऐकून मला जरा टोचलं. मन मोठं असल्याचं दाखवायला जायचं, तर त्यात विजापूर कुठे आहे? इब्राहिम कुठे आहे? तिथे फक्त आम्ही आणि आमचा फोटो. राजसाचं हे फार गोड रूप आहे, ओळखू येत नाही. नानांना परके वाटतात ते लोक यांना प्रदर्शनासाठी हवेत, एवढाच फरक. मला विचाराल तर मला नानांचं कारण अधिक प्रामाणिक वाटतं. त्यांच्या कारणात निदान एक तुटलेला हात तरी आहे.

म्हणून तिसऱ्या मंगळवारी मी वहीतली यादी खोडली आणि नव्याने केली. हंपीखाली दोन नावं होती, पण एकाच शहराकडे दोन उलट दिशांनी जाणारी. काकूंना तिथे जायचं होतं ते तिथल्या लोकांनी विठोबावर केलेलं प्रेम बघायला. नानांना जायचं होतं ते विजापूरला न जाण्यासाठी. विजापूरखालीही तसंच, कुणी सोयीने, कुणी मोठेपणाने, आणि एक-दोघांना खरंच तो सरस्वतीला वंदन करणारा सुलतान बघायचा होता. जाणं एक, तिकीट एक, आणि करणारे मात्र तीन प्रकारचे. 19 व्या श्लोकात सांगितलं होतं ना, ज्ञान तीन, कर्म तीन, कर्ते तीन. मी आजवर समजत होते की चांगलं काम सात्त्विक आणि वाईट काम तामस असा तो तक्ता आहे. एकच काम तिन्ही रकान्यांत बसू शकतं हे मला ट्रॅव्हलरच्या बुकिंगने शिकवलं.

यातून मी माझ्यापुरती एक कसोटी काढली. बरोबर आहे की नाही ते तुम्ही ताडून बघा. दोन चांगल्या गोष्टींतली एक घ्यायची तर आपण काय घेतलं यापेक्षा जे सोडलं त्याबद्दल काय बोलतो ते ऐकावं. हंपी सोडताना 'तिथे काय, नुसते दगड' असं तोंडातून आलं, किंवा विजापूर सोडताना 'तिथे काय, नुसती थडगी', तर समजावं की निवड झालेली नाही. नावडत्याला हलकं केल्याशिवाय आवडतं घेता येत नाही, ही मनाची जुनी खोड. मुलीसाठी दोन स्थळं आली की नाकारलेल्या मुलाचे दोष आपण घरोघरी सांगत फिरतो. तो मुलगा तेवढा वाईट नसतो, आपल्याला आपली निवड टिकवायची असते. सोडलेलं शहर पूर्ण किमतीचं राहू दिलं, त्याची हळहळ तशीच ठेवली, तरच निवड खरी. हळहळ हा निवडीतला दोष नाही, ती तिची किंमत आहे.

दोन्ही गावांच्या नावांतच एक गंमत आहे बघा. विजयनगर आणि विजयपूर. विजापूर हा विजयपुराचाच अपभ्रंश, चालुक्यांच्या काळापासूनचं नाव, 2014 पासून पुन्हा अधिकृत. दोन्ही विजयाची शहरं. एक 1565 मध्ये पडलं, आणि पाडणाऱ्याचं 1686 मध्ये औरंगजेबाने घेतलं. मध्ये एकशे एकवीस वर्षं. विजापुरातला बारा कमान तर बांधतानाच राहून गेला, नुसत्या कमानी आकाशाला उघड्या. यात उगाच वैराग्य शोधायची गरज नाही. पण जिंकणाऱ्याचं शहर आणि हरणाऱ्याचं शहर अशी जी वाटणी आम्ही तीन आठवडे करत होतो, ती एवढ्या अंतरावरून पाहिली तर टिकत नाही हे खरं.

निर्णय कसा झाला ते सांगते. काकूंच्या डॉक्टरांशी वहिनी बोलून आल्या. हंपीचा प्रवास जाता-येता सहा-सहा तासांचा, तोही खड्डे धरून, तर नाही म्हणाले. काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही जा हंपीला. मला येऊन सांगा." आणि आम्ही जवळजवळ हो म्हणणार होतो! काकूंची इच्छा पूर्ण करायला काकूंना घरी ठेवून जायचं. ते ऐकायला त्यागासारखं गोड वाटत होतं. पण मग मंडळ कशाचं? ज्यांना विठोबाचं ते घर बघायचं होतं त्याच नसताना आम्ही दहा जणांनी दगडी रथापुढे उभं राहून काय बघायचं? विजापूरच्या बाजूने मला पहिल्यांदा खरं कारण सापडलं ते इथे, आणि ते विजापूरबद्दलचं नव्हतंच. काकू येऊ शकतात, एवढंच.

मी काकूंना विचारलं, तुम्हाला चालेल का? त्यांनी मलाच उलट विचारलं, "तो सुलतान सरस्वतीची गाणी करायचा म्हणालीस ना? त्याच्या इथे बसायला सावली आहे का?" आहे. इब्राहिम रोजाभोवती बाग आहे, हिरवळ आहे, पायऱ्याही फार नाहीत. गोलघुमटाच्या सज्जात जायला मात्र कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे सात मजले चढावे लागतात, तिथे काकू खालीच थांबतील आणि मी त्यांच्यासोबत. हंपीची त्यांची हळहळ गेलेली नाही. ती जाऊ नये असंच मला वाटतं. मुलाने फोनमध्ये त्यांना रिकाम्या गाभाऱ्याचा फोटो मोठा करून दाखवला, तर म्हणाल्या, "अंधार आहे नुसता," आणि तरी बराच वेळ बघत राहिल्या.

नाना येणार नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, मीही शांतपणे ऐकलं. त्यांना पटवायचे दोन-चार मुद्दे माझ्याकडे अजून शिल्लक होते, पण ते मी मांडले नाहीत. हात तुटलेला पाहून जो माणूस खाली बसला त्याला मुद्द्यांनी उठवायचं नसतं, त्याच्या वेळेने तो उठेल किंवा बसून राहील. त्यांनी काकूंसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायचं कबूल केलंय, आणि चालकासाठी वेगळा डबा. बारा सीटच्या गाडीत आम्ही दहा जण. त्यांची सीट दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. रविवारी सकाळी सहाला निघायचंय.

उद्या श्लोक 23 ते 25, तीन प्रकारची कर्मं. वाचून ठेवा.

रामकृष्णहरी.